गणित काढलं तर गोष्ट अडते का?

आधीच सांगते, मी अख्खा सेट मागवणार होते. लाइफ ऑफ फ्रेड म्हणजे गोष्टीतून गणित शिकवणारी इंग्रजी मालिका, तिची एलिमेंटरीची, म्हणजे लहान मुलांची, दहा पुस्तकं, ॲपल्सपासून जेली बीन्सपर्यंत ए टू जे, कार्टमध्ये टाकून पण झाली होती आणि पैसे भरणार तेवढ्यात नवरा म्हणाला, अगं पण मुलांना एक तरी पान दाखवलंयस का. नव्हतं दाखवलं. चार-पाच जणींनी फार भारी आहे म्हणून सांगितलं होतं, तेवढ्यावर मी निघाले होते. पुस्तकं अमेरिकेची, पुस्तकांपेक्षा पाठवणावळच अंगावर येत होती, मग म्हटलं थांबू दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांचे आठ महिने झाले. त्यात जे जे कळलं ते लिहितेय, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत घरी शिकवणारी जी काही घरं मला माहितीयत तिथे सगळ्यांना गोष्टीच्या पुस्तकातून गणित शिकवावं का, आणि कुठल्या, हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

आमचा मोठा दहा वर्षांचा, धाकटी सात. मोठा दुसरीपर्यंत शाळेत होता. तिथे रोज तोंडी पाढे, चुकला की सगळ्या वर्गासमोर उभं राहायचं, आणि वर्ष संपेपर्यंत गणिताचा तास पहिला असेल त्या दिवशी सकाळी याच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही म्हणाले. घरी शिकायला लागल्यावर बाकी सगळं हळूहळू रुळावर आलं पण गणिताची वही काढली की हा उठून बाथरूमला जायचा आणि वीस-वीस मिनिटं यायचा नाही. गोष्ट मात्र कितीही वेळ ऐकायचा, रात्री अजून एक, अजून एक चालायचं. म्हणून गोष्टीतलं गणित. दुसरं काही मोठं तत्त्वज्ञान नव्हतं माझं.

नेरूळला एक कुटुंब आहे, त्यांच्या दोन्ही मुली घरीच शिकल्या, आता मोठ्या झाल्यात. त्यांच्याकडे फ्रेडची पहिली चार पुस्तकं होती, त्या ताई म्हणाल्या घेऊन जा, वाचा, नाही आवडलं तर परत आणून द्या. मुलांना घेऊन ठाणे-नेरूळ लोकलने गेलो. परत येताना मोठ्याने ॲपल्स उघडलं तुर्भ्याला, आणि ऐरोली गेली तरी मान वर नाही, मला वाटतं पाच-सहा धडे गाडीतच झाले त्याचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा फ्रेड पाच वर्षांचा आहे आणि कॅन्सासच्या किटन्स युनिव्हर्सिटीत गणिताचा प्रोफेसर आहे. राहतो पण ऑफिसातच, 314 नंबरच्या खोलीत. स्टॅनली श्मिट नावाच्या गणिताच्या शिक्षकांनी लिहिलीयत ही पुस्तकं. फ्रेडचा दिवस उलगडत जातो, त्यात जिथे गरज पडेल तिथे गणित येतं, धडा संपला की युवर टर्न टू प्ले म्हणून मोजके प्रश्न, लगेच पुढे उत्तरं. पहिल्या पुस्तकात सगळा जोर बेरीज सात होणाऱ्या जोड्यांवर आहे, पण तेवढ्यातच हळूच क्ष म्हणजे काय हेही सांगून टाकतात, चारात किती मिळवले की सात, आणि मुलाला पत्ताही लागत नाही की हे बीजगणित आहे. मोठ्याला हे सगळं वयाने सोपं होतं खरं तर. पण सोपं होतं म्हणूनच बरं झालं, त्याला खूप दिवसांनी गणिताच्या पुस्तकात सगळी उत्तरं बरोबर आली.

धाकटीचं मात्र वेगळंच झालं. तिला मी वाचून दाखवायचे, वाचता वाचता मराठी करत, त्यात अर्ध्या गमती गळून पडायच्या. फ्रेड तीन फूट उंच आहे असं आलं तेव्हा ती धावत जाऊन दाराच्या चौकटीला टेप लावून आली आणि तीन फुटांवर पेन्सिलीची रेघ मारली, ती रेघ अजून आहे. पण नंतर तिला त्याची काळजीच वाटायला लागली. तो एकटा राहतो, नीट जेवत नाही, समोर खाणं असलं तरी राहून जातं. सासूबाई शेजारी भाजी निवडत बसलेल्या असायच्या, त्या पण मधेच म्हणायच्या, अगं हे पोर जेवत का नाही, कुणी बघत नाही का त्याच्याकडे. झालं, धाकटी रोज रात्री झोपताना विचारायला लागली, त्याची आई कुठंय, तो रात्री एकटाच झोपतो का. सातची जोडी तिच्या डोक्यात एकही राहिली नाही, फ्रेडची आई राहिली. मी दोन आठवड्यांनी तिच्यापुरतं ते बंद केलं. पुस्तकाचा दोष नाही म्हणणार मी, पण एक पुस्तक एका मुलाला लागू पडलं म्हणजे घरातल्या दुसऱ्याला पडेलच असं नाही, हे मला दहा पुस्तकांचे पैसे भरायच्या आधी कळलं हे बरं झालं.

मग मी ठाण्यातच शोधायला लागले. राम मारुती रोडच्या दुकानांतून, प्रदर्शनांतून, कुणाकुणाच्या कपाटातून. त्यात एक चित्रांचं जाड पुस्तक घेतलं, नाव नाही लिहीत. ससा बाजारात जातो, प्रत्येक पानावर कुणीतरी भेटतं आणि विचारतं, तीन गाजरं आणि चार गाजरं मिळून किती. धाकटीला ससा आवडला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच वाचत बसली होती आणि मी नुसतं ऐकत होते, तर ती प्रश्न आला की सरळ पान उलटायची. ससा घरी पोचला, आईला भेटला, पुस्तक मिटलं, मजेत. एकही बेरीज केली नाही आणि गोष्टीचं काहीही बिघडलं नाही.

तिथे मला माझी कसोटी मिळाली. गणित काढून टाकलं तर गोष्ट अडते का? अडत नसेल तर ते कडू गोळी गुळात घालून देणं आहे, आणि मुलं गूळ खाऊन गोळी बरोब्बर बाजूला काढतात. त्यानंतर प्रत्येक पुस्तक हातात घेतलं की मी मधलं एक पान उघडून हेच बघायला लागले.

सर कमफरन्स नावाच्या इंग्रजी चित्रपुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक यात पास झालं. राजा आणि त्याचे सरदार लांबलचक टेबलावर बसतात, या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही, शेजारच्या राज्याशी युद्ध व्हायची वेळ आलीये आणि यांना धड बोलता येईना. मग टेबल कापत कापत, आकार बदलत बदलत शेवटी गोल टेबल. टेबल जमलं नाही तर बोलणंच होत नाही, म्हणजे गोष्ट अडतेच. अडचण एकच, सगळी गंमत इंग्रजी नावांत आहे, सर कमफरन्स म्हणजे परीघ, त्याची बायको लेडी डाय ऑफ ॲमिटर म्हणजे व्यास, मुलगा रेडियस म्हणजे त्रिज्या. ज्या मुलाला ते शब्द आधी माहीतच नाहीत त्याला ही शाब्दिक कोटी कळणार कशी. आम्ही उलट केलं, पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टेबलं केली, स्वयंपाकघरातलं ताट ठेवून गोल आखला, परीघ, व्यास, त्रिज्या आधी हाताने समजले आणि मग पुस्तक वाचलं. तेव्हा दोघं नावांवरून खो खो हसली.

नंबर डेव्हिल मोठ्याला फार आवडलं. एन्झेन्सबर्गर या जर्मन लेखकाचं, 1997चं, रॉबर्ट नावाच्या मुलाच्या स्वप्नात संख्यांचा सैतान येतो, अशी बारा स्वप्नं. पण त्यात मूळ संख्यांना प्रिमा डोना म्हणतात, वर्गमुळाला रुटाबागा, असे सगळे शब्द त्यांचे स्वतःचे. माझ्या मुलाने आठवडाभर रुटाबागा रुटाबागा केलं आणि नंतर क्लासला जाणारा त्याचा मित्र वर्गमूळ म्हणाला तर याला कळेना की ते हेच. म्हणून मी सांगेन की हे जरूर घ्या, पण नववं-दहावं लागल्यावर, आणि वहीत शेजारी खरे शब्द लिहून ठेवा.

आता तांदळाची गोष्ट, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त दिवस तीच राहिली. डेमी या अमेरिकन लेखिकेचं वन ग्रेन ऑफ राइस. दुष्काळात सगळा तांदूळ कोठारात दाबून ठेवणारा राजा, आणि राणी नावाची खेड्यातली मुलगी. ती बक्षीस म्हणून एक दाणा मागते, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, असे तीस दिवस. शेवटी पान उलगडत जातं आणि 256 हत्ती येतात. इथे गणित काढलं तर गोष्टच उरत नाही. पुस्तकात आकडे मिलियन-बिलियनमध्ये, आम्ही ते आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिले. एकट्या तिसाव्या दिवसाचे 53,68,70,912 दाणे, आणि सगळे मिळून 1,07,37,41,823. धाकटीला कोटी हा शब्दच तिथे पहिल्यांदा खरा वाटला.

मग मोठा म्हणाला, आई, पण हे वजनात किती? मला काय माहीत. आम्ही तिघांनी स्टीलच्या परातीत कोलम तांदूळ ओतला आणि हजार दाणे मोजले, दहा-दहाचे ढीग, मग शंभराचे, दुपारचा एक तास गेला त्यात, आणि वजनकाट्यावर टाकले तर 12 ग्रॅम. माझा विश्वास बसेना, परत मोजले, 12च. मग याने वही घेतली. स्वतःहून घेतली, मी काही बोलले नाही, मी सिंकपाशी पाठ करून उभी राहिले आणि भांडी विसळत राहिले. तिसाव्या दिवशीचा तांदूळ झाला साधारण 6,442 किलो. त्याला 256 हत्तींनी भागलं तर एकेका हत्तीवर 25 किलो. तो एकदम ओरडला, हत्तीवर फक्त पंचवीस किलो? पुस्तकात चूक आहे!

चूक आहे की नाही ते सोडा. लेखिकेला रांगेत हत्तीच हत्ती दाखवायचे असतील, ते बरोबरच आहे. पण पुस्तकाशी भांडायला माझा मुलगा वही घेऊन बसला होता. पुढच्या आठवड्यात नवऱ्याचं वाशीला काम होतं तेव्हा आम्ही एपीएमसीच्या धान्य बाजारात गेलो, मुद्दाम. तिथे 50 किलोची पोती पाठीवर घेऊन माथाडी कामगार ट्रक भरत होते. मोठा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हे काका एकटे दोन हत्तींचा तांदूळ नेतायत. तीस दिवसांचा सगळा तांदूळ किती पोती होईल याचा हिशोब त्याने परतीच्या गाडीत केला, 258 पोती येतात.

एनसीईआरटीच्या जुन्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकाबद्दल पण सांगायचंय. नवी पुस्तकं आली तशी जुनी रद्दीत निघाली, मला नौपाड्यात रद्दीवाल्याकडे चांगली प्रत मिळाली. पहिलाच धडा मासेमारीचा, वेगवेगळ्या होड्या, कुठली किती लांब जाते, किती वेगाने, किती मासळी आणते, मासे सुकवणाऱ्या बायका, त्यांचा खर्च आणि विक्री. गोष्ट अशी सलग नाही त्यात, पण माणसं खरी आहेत. सुकल्यावर मासळीचं वजन एक तृतीयांश होतं असं त्यात धरलंय. धाकटीने ते आमच्या नेहमीच्या मासेवाल्या मावशींना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, बाळा, मासळीवर आहे ते, बोंबलात पाणीच जास्त, तो त्याहून आटतो. सात वर्षांच्या मुलीने बाजारात उभं राहून एक तृतीयांशावर चर्चा केली, यापेक्षा मला त्या धड्याकडून जास्त काही नकोय. आणि ही पुस्तकं एनसीईआरटीची, म्हणजे किंमत अगदी किरकोळ.

धाकटीसाठी सगळ्यात उपयोगाचं ठरलं ते प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, ही गोष्टींची वेबसाइट. फुकट आहे, मराठीत आहे, लेव्हलप्रमाणे लावलेलं आहे, मोजणी, आकार, मापं यांच्या छोट्या गोष्टी आहेत. मी प्रिंट काढून मधे शिवते, वहीसारखं. सगळ्याच कसोटीला उतरतात असं नाही, काहींची भाषा भाषांतराची वाटते, ते मी वाचताना तोंडाने सुधारते. मराठीतून का हा हट्ट, तर संख्यांमुळे. एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेपन्न, पंचावन्न, हे कानावरून गेल्याशिवाय बसत नाही. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी साठ तीन असं म्हणायची पद्धत पण दिली तेव्हा केवढा वाद झाला होता. तेव्हा मी पण विरोधात होते. आता मुलीला शिकवताना वाटतं की सुरुवातीला दोन्ही म्हणू द्यावं, साठ तीन म्हणजे त्रेसष्ट, गोष्टीत दोन्ही ऐकलं की मूल आपोआप जुन्यावर येतं. आमची तरी आली.

सासूबाईंचं नाव राहिलं, त्यांच्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. त्या चाळीसगावच्या. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून तोंडपाठ. मी मोठ्याला माल्बा तहानच्या पुस्तकातली उंटांची गोष्ट वाचून दाखवत होते. माल्बा तहान हे टोपणनाव, माणूस ब्राझीलमधला गणिताचा प्रोफेसर, पुस्तक 1938चं, गोष्टी मात्र बगदादकडच्या. वडील गेले, 35 उंट ठेवून, मोठ्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश, धाकट्याला एक नवमांश. साडेसतरा उंट कसे देणार? मग हिशोब करणारा माणूस मित्राचा एक उंट त्यात घालतो, झाले 36, मोठ्याला 18, मधल्याला 12, धाकट्याला 4, सगळ्यांना हक्कापेक्षा जास्त मिळालं आणि वर दोन उंट उरले. एक मित्राचा परत, एक याची फी.

सासूबाई म्हणाल्या, ही आमच्याकडे सतरा गाईंची होती रे. वाटण्या त्याच, निम्म्या, एक तृतीयांश, एक नवमांश. शेजाऱ्याची एक गाय आणली, झाल्या अठरा, नऊ, सहा आणि दोन दिल्या, उरली एक, ती शेजाऱ्याला परत. फी-बी काही नाही.

मोठा गप्प झाला. मग उठून चिंचोक्यांचा डबा घेऊन आला, भोंडल्याच्या वेळी सारीपाट खेळायला ठेवलेले. फरशीवर आधी अठरा मांडले. नऊ बाजूला, सहा बाजूला, दोन बाजूला. एक तसाच. मग छत्तीस मांडले. अठरा, बारा, चार. दोन तसेच. आजी, तुझ्या गोष्टीत एक का उरते आणि यात दोन का? आजी म्हणाली, तूच सांग. तो बराच वेळ पोटावर पडून नुसता बघत होता. मग त्याने ते छत्तीस दोन ढिगांत केले, अठरा-अठराच्या. प्रत्येक ढिगातून परत नऊ, सहा, दोन काढले. दोन्हीकडे एकेक चिंचोका राहिला. आई, वडिलांनी सगळं वाटलंच नव्हतं! अठरातला एक कुणाच्याच नावावर नाहीये!

मी त्याला अपूर्णांकांची बेरीज अजून शिकवलेली नव्हती. अर्धा अधिक एक तृतीयांश अधिक एक नवमांश म्हणजे सतरा छेद अठरा, हे मी त्याच रात्री त्याला कागदावर दाखवलं आणि त्याने हो, माहितीये, म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता म्हणाला, 53 गाई असत्या आणि एक आणली असती तर तीन उरल्या असत्या. मी मनात करून बघितलं, 27, 18, 6. उरतात तीन.

सासूबाईंना मग चेव आला. त्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातले भुंगे सांगितले, त्यांच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवलेले. एक पंचमांश कदंबावर, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा मधे हवेत. किती भुंगे? मोठा म्हणाला पाचनेही भाग जायला पाहिजे आणि तीननेही, पंधरा बघू आधी. तीन, पाच, सहा आणि एक. पंधराच. भास्कराचार्यांनी हे 1150 मध्ये लिहिलंय आणि त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, आमच्या तालुक्यात, हे त्या दिवशी सासूबाईंनी तीनदा सांगितलं, आणि सांगावंच त्यांनी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर कुणी माझ्या भरवशावर फसेल. गोष्टीच्या पुस्तकांत सराव पुरत नाही. तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मोठ्याला भागाकाराचा अर्थ छान कळलाय पण हातचा घेऊन वजाबाकी करताना तो अडखळतोय. तेव्हापासून सकाळी पंधरा मिनिटं सराव, घड्याळ लावून, पंधराच्या वर एक मिनिट नाही. त्यासाठी बालभारतीची पुस्तकं, पीडीएफ फुकट मिळतात. आणि मी एका वहीत बालभारतीची अनुक्रमणिका लिहून काढलीय, गोष्टीतून जे जे होईल त्याच्यापुढे टिकमार्क करते, कारण पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी द्यायचीय, तिथे चौदा वर्षं पूर्ण लागतात, वेळ आहे, पण ऐनवेळी एखादा धडा कुणी वाचलाच नाही असं व्हायला नको. गोष्टीची पुस्तकं आपल्या क्रमाने जातात, घड्याळ आणि बीजगणित शेजारी शेजारी, ते चांगलंय, पण लक्ष आपल्याला ठेवावं लागतं. अमेरिकन पैसे, पौंडातली वजनं, फॅरनहाइट यांचं पण तसंच. क्वार्टर आणि डाइम ही नाणी मी सरळ गाळते. फूट-इंच ठेवते, कारण आपल्याकडे घर स्क्वेअर फुटातच आणि उंची पण फुटातच सांगतात.

आणि ऑनलाइन पुस्तक घेताना पानं मोजून घ्या. एका विक्रेत्याने मला नवं म्हणून झेरॉक्स बांधून पाठवली होती, त्यात मधली आठ पानं नव्हती आणि पैसे परत मिळवायला महिना गेला.

आज आमच्याकडे फ्रेडची ती चार उसनी आणि एक स्वतः घेतलेलं, एवढीच आहेत. मोठा आता फ्रॅक्शन्स मागतोय, ते एलिमेंटरीच्या बरंच पुढचं आहे, पण नेरूळच्या ताईंकडे आहे म्हणे. शनिवारी जाऊ, ही चार परत करून ते आणायचं. तांदळाचं पुस्तक त्यांच्या भाचीकडे वाचायला दिलंय, ते पण परत घ्यायचंय, धाकटीने दोनदा आठवण केलीय. तिला दहाव्या दिवसापर्यंतचे दाणे खरोखर मांडून बघायचेत, 1,023 होतात, आणि परात पुरेल का असं विचारत होती.